नऊ कुलपं

माझ्या धंद्यात गिऱ्हाइकाचं तोंड आधी उतरवावं लागतं, कुलूप नंतर बसवायचं. मी मोटरहोमना कुलपं बसवतो. ही गाडी घेणारी माणसं मोठी गमतीची असतात. आत पलंग, ओटा, बेसिन, संडास सगळं आहे म्हणून कौतुकानं फिरवून दाखवतात, फुलाफुलांचे पडदे लावतात, आणि दाराला असतं काय, तर लहान मुलीच्या दागिन्यांच्या डबीला शोभेल असं कुलूप. मी त्यांना म्हणतो, घड्याळ लावा. मग भिंतीला पुट्टी भरायची पत्र्याची पट्टी घेतो, प्लास्टिकच्या खिडकीच्या फटीत सारतो, आतली खिट्टी उचलतो आणि चाळीस सेकंदांत त्यांच्याच पलंगावर बूट घालून बसतो. नवरा घड्याळाकडे बघत राहतो, बायको चादरीकडे. त्या वेळचे त्यांचे चेहरे बघायला मला आवडतं, खोटं कशाला बोलू.

ताईनं मोटरहोम घेतली तेव्हा तिलाही मी सवलत दिली नाही. ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. एकतीस वर्षं तिनं अँब्युलन्स चालवली. त्या काळात बायका अँब्युलन्स चालवत नसत, त्यामुळे पेशंट शुद्धीवर आले की ड्रायव्हर बघून पुन्हा बेशुद्ध पडतात, असं मी चारचौघांत सांगायचो आणि ती हसायची. निवृत्त झाल्यावर तिला एकच इच्छा होती. अँब्युलन्सवर तिच्यासोबत वीस वर्षं काम केलेली नर्स देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, एका तळ्याकाठी राहायला गेली होती. तिच्या दारात स्वतःची गाडी स्वतः चालवत जाऊन उभी करायची, वाटेत मनाला येईल तिथं थांबायचं, झोपायचं. जाऊन-येऊन अठ्ठावीस दिवस. इतकंच.

तिनं गाडी माझ्या दुकानासमोर आणली आणि हॉर्न दिला. मागे भाऊजी दोन्ही हातांनी सीट धरून बसले होते. मी दोघांना खाली उतरवलं, घड्याळ लावायला सांगितलं आणि छत्तीस सेकंदांत आत गेलो. ओट्यावर तिनं नवे कप मांडले होते. त्यातला एक घेऊन मी खिडकीतून बाहेर धरला आणि म्हणालो, "चहा होईल का बाई? चोर दमलाय." शेजारचा टायरवाला खो खो हसला. ताईचा चेहरा पार पडला. भाऊजींचा मात्र उजळला, कारण त्यांना जायचंच नव्हतं.

भाऊजी आयुष्यभर विमा कंपनीत होते. चोऱ्या झालेली घरं बघायची, तुटलेल्या कड्या मोजायच्या, दावा खरा की खोटा ते लिहायचं, हे त्यांचं काम. चोर किती प्रकारे येतो हे त्यांना तोंडपाठ होतं आणि चोर सोडून जगात दुसरं कोणी राहतं यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता. माणूस सज्जन, पण भित्रा. अनोळखी ठिकाणी पत्र्याच्या डब्यात डोळा कसा लागणार, असं ते गेले सहा महिने म्हणत होते. आता त्यांना पुरावाच मिळाला. त्यांनी तिथल्या तिथं अट घातली. छोट्या, म्हणजे मी, सांगेल ती सगळी कुलपं बसवायची, आणि मग सलग अठ्ठावीस दिवस छोट्यानं दिवसाउजेडी कधीही शिरायचा प्रयत्न करायचा. काच फोडायची नाही, पत्रा वाकवायचा नाही, दहा मिनिटांच्या वर लागता कामा नये. अठ्ठावीस दिवस गाडी टिकली तर ते मुकाट्यानं सोबत येणार. एकदा जरी मी आत गेलो तरी पुन्हा एकपासून मोजायचं. ताई लगेच हो म्हणाली. चावीबद्दल कोणी काही बोललं नाही. बोलायचं सुचलंच नाही कोणाला.

मी काम मात्र जीव ओतून केलं. बहिणीची गाडी होती आणि माझं नाव होतं. राहत्या भागाच्या दाराला आतल्या चौकटीत तीन पोलादी बोटं घुसणारं जाड कुलूप बसवलं. ड्रायव्हरच्या केबिनची दोन्ही दारं आतून एकमेकांना बांधणारा पोलादी पट्टा टाकला. स्टिअरिंगला दांडा, छताच्या झडपेला आडवी सळई, खिडक्यांच्या खिट्ट्यांना स्क्रू, मागच्या सामानाच्या कप्प्याला वेगळं कुलूप. तो कप्पा लोक विसरतात. बाहेरून तो उघडला की हात थेट पलंगाखाली जातो. आणि माझ्या पद्धतीप्रमाणे सगळ्या चाव्यांचा एक जोड करून मी दुकानातल्या लोखंडी कपाटात टांगून ठेवला. प्रत्येक गिऱ्हाइकाचा ठेवतो. लोक चाव्या हरवतात आणि मग अर्ध्या रस्त्यातून फोन करतात.

गाडी ताईच्या घराखाली, माझ्या दुकानासमोर रस्त्यापलीकडे उभी असायची. पहिल्या खेपेला ताई तिसऱ्या दिवशीच हरली. स्वयंपाकाचा वास जावा म्हणून छताची झडप बोटभर उघडी ठेवली होती तिनं. मी शिडी लावून आत उतरलो आणि पलंगावर आडवा होऊन तिची वाट बघत बसलो. वर आली तेव्हा म्हणालो, "गळा कापून झाला असता एव्हाना. भाऊजींचा आधी." भाऊजी दोन दिवस जेवले नाहीत नीट.

त्यानंतर ताई बदलली. तिनं तिची अँब्युलन्सची सवय बाहेर काढली. अँब्युलन्सवर शिफ्ट सुरू होताना ती प्रत्येक वस्तूला हात लावून तिचं नाव मोठ्यानं म्हणायची. ऑक्सिजन आहे. स्ट्रेचर आहे. सायरन चालतो. नुसतं डोळ्यांनी बघितलं तर दमलेलं डोकं फसवतं, हात आणि तोंड दोन्ही लावलं की फसवत नाही, असं तिचं म्हणणं. एकतीस वर्षांत तिच्या गाडीत एक वस्तू कधी कमी निघाली नव्हती. आता गाडी सोडून जाताना ती त्याच पद्धतीनं फेरी मारू लागली. ड्रायव्हरचं दार, लागलं. शेजारचं दार, लागलं. पट्टा, लागला. दांडा, लागला. झडप, लागली. उजव्या खिडक्या, डाव्या खिडक्या. ही सात आतली. मग बाहेर येऊन मागचा कप्पा, आणि शेवटी मोठं दार. नऊ ठिकाणं, नऊ वेळा हात, नऊ वेळा तोंड. आतली सात भिंतीतून दबकी ऐकू यायची, बाहेरची दोन रस्त्यापलीकडे माझ्या दुकानात खणखणीत यायची.

टायरवाला तिची नक्कल करायचा. स्पॅनर ठेवला की म्हणायचा, स्पॅनर, लागला. ताईला काही वाटायचं नाही. तिचं नऊ म्हणून झालं की चावी पर्समध्ये टाकायची, रस्ता ओलांडायची, माझा जेवणाचा डबा टेबलावर ठेवायची आणि विचारायची, "आज काय करणार चोरसाहेब?"

डब्याचं सांगायला हवं. माझी बायको बारा वर्षांपूर्वी गेली. वारली नाही, गेली. तेव्हापासून दुपारचा डबा ताईकडून येतो. तेवढी एकच गोष्ट आहे जिची मी दिवसभर वाट बघतो. ती आली की दहा मिनिटं बसते, दुकानातला केर बघून नाक मुरडते, माझ्या शर्टाची बटणं मोजते. अठ्ठावीस दिवस ती नसणार होती. आणि माणूस एकदा बाहेर पडला की अठ्ठाविसाचे छप्पन्न होतात, हे मला गिऱ्हाइकांवरून माहीत होतं. मला ती जायला नको होती. पण हे मी स्वतःलाही सांगत नव्हतो. स्वतःला मी सांगत होतो की परीक्षा म्हणजे परीक्षा.

मी रोज प्रयत्न केले. पट्टी सारून बघितली, तारेचा आकडा करून बघितला, सामानाच्या कप्प्याखाली पाठीवर झोपून बघितलं. ती घराच्या वरच्या मजल्यावरच्या खिडकीत उभी राहून घड्याळ लावायची. दहा मिनिटं झाली की वरून टाळी वाजवायची. मी कपडे झटकत परत यायचो आणि टायरवाला विचारायचा, "काय, आज पण बाहेरच?" माझीच कुलपं मला आत घेत नव्हती.

धंद्याला उलट चांगलं झालं. किल्लीवाल्याला स्वतःलाच उघडता येत नाही अशी कुलपं, म्हणून लोक येऊ लागले. एक दिवस दुकानात तीन गिऱ्हाइकं बसली होती आणि ताई डबा घेऊन आली. एकानं विचारलं, खरंच टिकतं का हो? ताई म्हणाली, "पंचवीस दिवस झाले. माझा भाऊ इतका हुशार, पण बिचारा गाडीभोवती मांजरासारखा घिरट्या घालतो आणि भिंत खरवडून परत येतो." गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो. तिनं माझ्या पाठीवर थाप मारली. चेष्टाच होती, प्रेमाचीच होती. छत्तीस सेकंदांची, गळा कापायची, अशी कितीतरी चेष्टा मी तिची केली होती. पण मला ती झोंबली. माझ्या दुकानात, माझ्या गिऱ्हाइकांसमोर. त्या दिवशीचा डबा मी उघडला नाही. संध्याकाळी गटारात रिकामा केला.

आणि तिकडे भाऊजी पाघळले. बायको रोज नऊ वेळा हात लावते आणि मेहुणा रोज हात हलवत परत येतो, हे बघून त्यांच्या मनातले चोर एकेक करून पळाले. सव्विसाव्या दिवशी त्यांनी उन्हाची टोपी आणली. सत्ताविसाव्या दिवशी गाडीतल्या बेसिनमध्ये कप धुवायचा सराव केला आणि पाणी कमी लागतं म्हणून खूश झाले. लग्नाला अडतीस वर्षं झाली त्यांच्या. ताई मला म्हणाली की त्यांना असं हसताना तिनं कितीतरी वर्षांत बघितलं नव्हतं.

अठ्ठाविसावा दिवस. दुपारी तीनचा सुमार. ताई गाडीत सामान लावून निघाली. मी दुकानाच्या दारात कानस घेऊन बसलो होतो. आतून तिचा आवाज येत होता. दार, दार, पट्टा, दांडा, झडप, खिडक्या, खिडक्या. मग ती बाहेर आली. मागे गेली. कप्प्यावर तळहात ठेवला आणि म्हणाली, मागचा कप्पा, लागला. पुढे आली, मोठ्या दाराची चावी फिरवली, मूठ दोनदा ओढली आणि म्हणाली, मोठं दार, लागलं. नऊ. मी मोजली. तिनं माझ्याकडे बघून हात हलवला, बोटांनी पाचाची खूण केली, म्हणजे पाच वाजता खेळ संपतो, आणि जिना चढून गेली.

मी कपाट उघडलं. चाव्यांचा जोड काढला. त्यावर माझ्याच अक्षरात 'ताई' अशी चिठ्ठी होती. रस्ता ओलांडला. टायरवाला आत जेवत होता. मी मोठ्या दाराला चावी लावली, ती लोण्यातून फिरावी तशी फिरली. आत गेलो. आत सगळं जागच्या जागी होतं, पलंगावर घडी घातलेल्या दोन चादरी, भिंतीवर नकाशा, त्यावर थांबायच्या जागांना लाल पेन्सिलीचे गोल. मी पट्टा सोडला नाही, कशाला हात लावला नाही. चालत पुढे गेलो, ड्रायव्हरच्या सीटवर बसलो आणि हॉर्न दाबला. दाबून धरला.

वरच्या खिडकीत आधी भाऊजी आले, टोपी घालून. मग ताई आली. तिचे हात ओले होते. ती तशीच खाली आली, ना पदर बघत ना पाऊल. भाऊजी मागून आले. ती दारात उभी राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली. रागावली नाही. मला वाटलं होतं की रागावेल, भांडेल, चावी दाखव म्हणेल. तिनं खिशांची झडती घेतली असती तर चाव्या तिथंच होत्या, उजव्या खिशात.

"कसा आलास?" तिनं विचारलं.

"दारानं. उघडं होतं."

"मी लावलं. मी म्हणालेसुद्धा. तू ऐकलंस ना छोट्या? नऊ म्हणाले मी."

आता इथं मी थांबू शकलो असतो. हसून चाव्या खणखण वाजवल्या असत्या तर तिनं मला दोन रट्टे घातले असते, भाऊजींनी मनापासून शिव्या दिल्या असत्या, आणि सकाळी गाडी निघाली असती. माझी जीभ टाळूला चिकटली, तोंडाला कोरड पडली, असलं काही झालं नाही. जीभ ठणठणीत होती.

"आठ," मी म्हणालो. "कप्प्यानंतर तू काही बोलली नाहीस. सरळ वर गेलीस."

तिनं स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं. मग दाराच्या मुठीकडे. मूठ धरली, ओढली, सोडली. "मला तर आठवतंय," ती म्हणाली, पण आवाज तिचा नव्हता.

भाऊजींनी त्या वेळी जे केलं ते मला अपेक्षित नव्हतं. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि म्हणाले की एवढ्यातेवढ्यानं काय होतं, सत्तावीस दिवस काही कमी नाहीत, एखाद्या दिवशी कोणाकडूनही राहतं, आपण उद्या निघायचंच. अगं चल, मी स्वतः लावत जाईन शेवटचं दार. तो भित्रा माणूस हे बोलला. ताईनं मान हलवली. ती म्हणाली, "आईचं असंच सुरू झालं होतं."

आमची आई सहासष्टाव्या वर्षी विसरायला लागली. आधी गॅस, मग दारं, मग माणसं. ताईनं नोकरी सांभाळून तिचं सहा वर्षं केलं. मी सणासुदीला जाऊन यायचो. डॉक्टरांनी सांगितलं होतं की खोलीला बाहेरून कडी लावत जा, पण आईला कोंडायला ताईचा जीव धजला नाही. एका दुपारी ताई आंघोळीला गेली, आई दार उघडून बाहेर पडली आणि मोठ्या रस्त्यावर ट्रकखाली आली. अँब्युलन्स आली ती ताईच्याच डेपोतली. आपलंही असं कधी सुरू होतंय याची ताई तेव्हापासून वाट बघत होती, हे मला त्या दिवशी कळलं. आता ती स्वतः सहासष्ट वर्षांची होती. मी आठ म्हणालो तेव्हा तिला कोणी तरी दारात येऊन उभं राहिल्यासारखं वाटलं असणार.

"मला जर नववं म्हटल्याचं आठवतंय आणि मी म्हटलंच नाही," ती हळू बोलत होती, "तर मग रस्त्यावर लाल दिवा हिरवा दिसला तर मला कोण सांगणार?" आणि तिनं गाडीची चावी भाऊजींच्या हातात दिली. भाऊजींना गाडी चालवता येत नाही.

डॉक्टरकडे मी सोबत गेलो, तिनंच बोलावलं. डॉक्टर बाईंनी तिला कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, पाच शब्द सांगून दहा मिनिटांनी विचारले. ताईनं सगळं बरोबर केलं. बाई म्हणाल्या, ह्यात तर काही दिसत नाही, एकच प्रसंग असेल तर मी घाबरणार नाही. घरच्यांना आणखी काही जाणवलंय का? भाऊजी जमिनीकडे बघत नाही म्हणाले. मग बाई माझ्याकडे वळल्या. ताईही वळली. तिच्या डोळ्यांत आशा होती की भीती, मी बघितलं नाही.

एक वाक्य होतं. तिथं, त्या पांढऱ्या खोलीत, एका वाक्यात सगळं परत जागेवर गेलं असतं. पण मग त्या वाक्यानंतर मला तिच्यासमोर बसायचं होतं. ताई विसरभोळी झाली तरी ती माझी ताई राहणार होती. खरं सांगितलं असतं तर राहिली नसती. एवढा सरळ हिशोब होता. आणि एकदा आठ म्हटल्यावर मागे सरकायला जागाही उरत नाही, पुढेच सरकावं लागतं. मी म्हणालो की हल्ली डब्यात कधीकधी मीठ नसतं. एकदा तीच गोष्ट दोनदा सांगितली तिनं. मागच्या महिन्यात दुकानातून जाताना उलट्या दिशेला वळली होती.

डॉक्टर बाईंनी लिहून घेतलं. तूर्त गाडी चालवू नका म्हणाल्या, सहा महिन्यांनी पुन्हा या. बाहेर आल्यावर ताईनं माझा दंड धरला. "बरं झालं तू बोललास," ती म्हणाली. "ह्यांना माझं वाईट बोलवत नाही."

त्यानंतर जे झालं त्याला मला हातही लावावा लागला नाही. ताईनं घरात फेरी सुरू केली. गॅस, बंद. नळ, बंद. दार, लागलं. मग जिन्यातून परत जायची आणि पुन्हा सगळ्यांना हात लावायची, कारण म्हटलं हे तिला आठवत होतं आणि आठवण्यावर तिचा भरवसा उरला नव्हता. दोनाचे चार झाले, चाराचे दहा. कधीकधी फेरीत इतकी गुंतायची की खरंच मीठ राहायचं. रात्री नीट झोप नाही, म्हणून दिवसा शब्द अडायचे. तिच्या मैत्रिणीचा फोन आला की तळ्यावर कधी येतेस, तर ती म्हणाली, मी आता रस्त्याच्या लायकीची नाही गं. मैत्रीण फोनवर रडली. ताई रडली नाही, तिनं फोन ठेवला आणि नीट ठेवलाय ना ते तीनदा बघितलं.

गाडी एका तरुण जोडप्यानं घेतली. ताईनं त्यांना नऊही ठिकाणं हात लावून दाखवली, कुठं विसरायला होतं तेही सांगितलं. ते म्हणाले, कुलपं फारच उत्तम आहेत. ती म्हणाली, कुलपांत दोष नव्हताच.

गेल्या महिन्यात तिनं मला दुपारी घरी बोलावलं आणि येताना हत्यारं आण म्हणाली. भाऊजी पुढच्या खोलीत बसले होते, वर्तमानपत्र उलटं धरून. ताईनं मला मागच्या लहान खोलीत नेलं. तिथं तिनं तिची गादी हलवली होती, पाण्याचा तांब्या ठेवला होता, खिडकीला गज होतेच. दाराला बाहेरून कडी बसव, ती म्हणाली.

मी म्हणालो की ताई, एवढं काही झालेलं नाही. मी हे खरं बोललो. बऱ्याच दिवसांत पहिल्यांदा.

"अजून नाही झालं, म्हणूनच," ती म्हणाली. "आईच्या वेळी माझा जीव धजला नाही. ह्यांचाही धजणार नाही. माझं डोकं शाबूत आहे तोवर मीच लावून घेते, म्हणजे उद्या कोणाला ठरवत बसायला नको."

मी कडी बसवली. ती शेजारी स्टुलावर बसून मला एकेक स्क्रू देत होती. एकही खाली पडला नाही तिच्या हातून. जाड कडी होती, चौकटीत दोन बोटं जाणारी. चार स्क्रूंवर भागलं असतं, ती सहा मार म्हणाली. काम झाल्यावर ती आत गेली, दार लोटून घेतलं आणि आतून म्हणाली की लाव आता. भाऊजी दारापर्यंत आले आणि परत वळले. मग मीच कडी सरकवली. तिनं आतून दार ओढलं, खांदा लावून ढकललं, पुन्हा ओढलं. इंचभरही हललं नाही.

"छान बसलीय," ती आतून म्हणाली. "सकाळी उघडायला तेवढं विसरू नका म्हणजे झालं."

मी म्हणालो, नाही विसरणार.